तेहेतिसावी जागा



मोटारींच्या शर्यतीचा विषय या व्याख्यानमालेत कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आम्हांला यंत्रांविषयी फारसे बोलावयाचे नाहीच. एखाद्या गोष्टीला मान मिळतो तो कशाने आणि जातो तो कशाने, एवढेच पाहावयाचे आहे.

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे 1911 पासून उघड्या चाकांच्या गाड्यांची 500 मैलांची शर्यत होते. अडीच मैलांचा मार्ग, त्याला 200 फेरे. 1950 ते 1960 पर्यंत ती जागतिक अजिंक्यपदाच्या हिशेबात धरली जाई. पुढे 1965 साली जिम क्लार्क मोनॅकोची शर्यत सोडून येथे आला आणि जिंकला. मोनॅको सोडून! यावरून त्या काळचा मान ध्यानात यावा.

हा मान, आमच्या मते, जिंकणाऱ्यापेक्षा परत पाठविल्या जाणाऱ्यांमुळे आला. जागा 33. प्रत्येकाने एकट्याने चार फेरे मारून आपला वेग दाखवावयाचा. जागा भरल्यावर कोणी अधिक वेगवान निघाला, की सर्वांत मंद गाडीने मुकाट्याने बाहेर पडावयाचे. मागची पुण्याई चालत नसे. 1994 चा विजेता धाकटा अल अन्सर 1995 साली शर्यतीत शिरूच शकला नाही. आणि गाडी तर पेन्स्केच्या बलाढ्य संघाची!

मग 1996 उजाडले. मैदानाचे सूत्रधार टोनी जॉर्ज यांनी स्वतःची वेगळी मालिका काढली आणि 33 पैकी 25 जागा तिच्यातील गाड्यांसाठी राखून ठेवल्या. त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. खर्च अफाट वाढला होता, अमेरिकेतील लहान मैदानांवर तयार झालेल्या चालकांना वाव उरला नव्हता. परंतु औषध रोगाहून जालीम ठरले. मोठे संघ रुसले आणि त्यांनी त्याच दिवशी मिशिगनमध्ये दुसरी शर्यत मांडली. इंडियानापोलिसला 33 जणांत 17 नवखे. गंमत अशी की, त्याच वर्षी आरी लायंडाइकने पात्रताफेऱ्यांत ताशी 236 मैलांहून अधिक सरासरी गाठली. वेग कोठेच गेला नव्हता.

दोन्ही मालिका एक झाल्या त्या 2008 साली. बारा वर्षांत प्रेक्षकांची सवय मोडली होती, बरेचजण नॅस्कारच्या शर्यतींकडे वळले होते. 2016 च्या शंभराव्या शर्यतीला मैदान भरले खरे. पण शताब्दीची गर्दी ही काही रोजची भक्ती नव्हे.

आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती 2019 ची गोष्ट. दोन वेळचा जगज्जेता फर्नांडो अलोन्सो अखेरच्या जागेसाठी झगडत होता. एका लहानशा संघाच्या काइल कायझरने त्याला बाहेर काढले. जगज्जेता घरी गेला, कायझर शर्यतीत उतरला.

2024 साली मालिकेच्या चालकांनी 25 गाड्यांना हमखास प्रवेशाच्या सनदा दिल्या. पुन्हा 25 च! मात्र इंडियानापोलिसची शर्यत त्यांनी त्यांतून वगळली.