मूल होत नसलेले जोडपे आणि घरचा डॉक्टर

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट-ट्यूब बालिका जन्मली. तेव्हापासून वंध्यत्व म्हटले की मोठे रुग्णालयच डोळ्यांसमोर येते. परंतु पहिले दार घरच्या डॉक्टरचे. तेथे बहुधा सुनेला घेऊन सासू येते; पती येत नाही. सासूबाईंना नम्रपणे बाहेर बसवावे, पतीला बोलावणे धाडावे. वीर्यतपासणीत ना वेदना, ना भूल. आधी दोन ते सात दिवसांचा संयम पुरतो. ती टाळून पत्नीचे क्युरेटिंग उरकणे हा निव्वळ अन्याय होय. घरात क्षयाचा रुग्ण होता काय, हेही विचारावे. तो रोग गर्भनलिका गुपचूप बंद करू शकतो. एरवी वर्षभर वाट पाहावी; पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनीच तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी, आणि अहवाल घेऊन दोघांनी परत यावे, असे आवर्जून सांगावे.