दोन दश्श्या

(१९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "अमेरिकेतून येतोयस, तर दहा मिनिटं बोल. विषय तुझा तू ठरव. फक्त यशस्वी कसं व्हावं यावर नको, त्यावर आधीच तिघं बोलतायत." म्हणून मी पत्त्यांवर बोलणार आहे.

गणिताचे सर पहिल्या रांगेत बसलेत. सर, नववीत प्रतापगडच्या सहलीला एसटीच्या मागच्या बाकावर आमचा मेंढीकोटाचा डाव रंगात आला होता. तुम्ही आलात आणि कॅट जप्त केलात. "प्रगतिपुस्तकाबरोबर परत मिळेल," म्हणालात. सर, तो अजून मिळायचाय.

मी २००३ पासून लास वेगासला राहतो. हे ऐकलं की लोक डोळे मिचकावतात. पण त्या गावात वीस लाखांवर माणसं संसार करतात, त्यांच्या घरचे नळ गळतात, आणि मी पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढायच्या नोकरीत आहे. जुगार तिथे १९३१ पासून कायदेशीर आहे, त्यामुळे पत्ते खेळायला एसटीच्या मागच्या बाकावर जावं लागत नाही. मी ज्या वर्षी तिथे पोचलो त्याच वर्षी ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस, शंभर डॉलरच्या आतल्या एका ऑनलाइन स्पर्धेतून वर चढत, पोकरच्या जागतिक स्पर्धेत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर गल्लीबोळातला प्रत्येक माणूस पोकर शिकायला लागला. मी मात्र अकरा वर्षांनी शिकलो. का, ते पुढे येईलच.

महिन्यातून एका शनिवारी सकाळी मी ६५ डॉलर भरून एका छोट्या स्पर्धेत बसतो. टेबलाभोवती निवृत्त ट्रकचालक, नर्सा, रात्रपाळी करून आलेले वेटर. भरलेल्या पैशाच्या बदल्यात सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, त्या संपल्या की घरी. शेवटी उरलेल्या चार-पाच जणांत बक्षीस वाटलं जातं. दर वीस मिनिटांनी सक्तीचा डाव, म्हणजे ब्लाइंड, वाढतो. त्यामुळे नुसतं बसून राहिलं तरी चिप्स झिजतात.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले. मग मध्ये सगळ्यांसाठी उघडे पत्ते पडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर बोली. सातांतले उत्तम पाच ज्याचे, त्याचा डाव. तीन पत्ती येणाऱ्याला अर्ध्या तासात कळतो. छळतो मात्र जन्मभर.

माझा छळ एका हाताने केला: दोन दश्श्या. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला दश्शी दिसली की काळजात काहीतरी हलतंच. मेंढी ती! चारही आपल्याकडे आल्या तर कोट. पण मेंढीकोटात दश्शी स्वतः कुणाला फारसं मारत नाही, हे आपण विसरतो. गुलाम, राणी, राजा, एक्का, कुणीही तिला उचलून नेतो. तिची किंमत मोठी आणि ताकद मधली. पोकरमध्येही नेमकं हेच.

सर, आता तुमचा तास. दोन पत्त्यांची जोडी येण्याची शक्यता १७ त एक. नेमकी दश्श्यांची जोडी २२१ त एक. म्हणजे शनिवारच्या चार तासांत ती फार तर एकदा येते, पुष्कळदा येतच नाही. आल्यावर ती खरोखरच चांगली असते. तेरांपैकी चारच जोड्या तिच्यावर, आणि समोर आठ जण असले तरी त्यांतल्या कुणाकडे तशी जोडी असायची शक्यता सातांत एक इतकीच. पण पहिले तीन पत्ते उघडतात तेव्हा त्यांत गुलामापासून एक्क्यापर्यंत किमान एक पान असण्याची शक्यता आहे ६९ टक्के. तिसरी दश्शी पडण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. म्हणजे दहांतल्या सात वेळा तुम्ही टेबलावरच्या राजाकडे किंवा राणीकडे बघत बसता आणि मनात म्हणता, "नसेल हो कुणाकडे."

पहिली दोन वर्षं मी दोन्ही बाजूंनी चुकलो. आधी भित्रेपणा. दश्श्या आल्या तरी नुसती बरोबरी करून पुढे जायचो, "बघू तर पत्ते". मग स्वस्तात पाच जण आत यायचे, आणि पाच जणांत एकाकडे तरी राजा-सत्ती असतेच. छोट्या स्पर्धेतल्या लोकांना पत्ते टाकायचं जिवावर येतं, ती माणसं खेळायलाच आलेली असतात. तेव्हा आधी रक्कम वाढवायची, नेहमीपेक्षा जरा जास्तच. आधीच दोघं आत शिरले असतील तर आणखी दोन घास वर. उद्देश एकच, समोर एखाद-दुसराच माणूस उरावा. चिप्स बारा-तेरा ब्लाइंडांवर आलेल्या असतील आणि आपल्या आधी कुणी डावात उतरलेलं नसेल, तर विचार नकोच, सगळ्या पुढे सरकवायच्या.

दुसरी चूक हट्टाची, आणि ती महाग. आपण वाढवली, एकजण आला, राजा पडला. एकदा लहानशी बोली लावून बघणं ठीक आहे. बरेचदा समोरचा पत्ते टाकतो. पण तो थांबला, आणि पुढच्या पानावर त्यानेच वाढवली, तर ते ऐकायला हवं. मोठ्या खेळाडूंच्या टेबलावर ती हूल असू शकते. आमच्या टेबलावर ६५ डॉलर भरून आलेला निवृत्त ट्रकचालक हूल देत नाही. त्याच्याकडे राजा असतो. मला हे कळायचं, आणि तरी मी चिप्स घालायचो, कारण हात सुरुवातीला चांगला होता.

इथे जरा पत्त्यांबाहेरचं सांगतो. आमच्या गावात २००६ मध्ये जो तो घरं घेत होता. मीही भाड्याने द्यायला दुसरं घर घेतलं, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले चाळीस हजार डॉलर त्यात घातले. घर चांगलं होतं, वस्ती चांगली होती. २००८ मध्ये बायको म्हणाली, "विकून टाकू या, आत्ता थोडक्यात सुटू." मी तिला घराची जमेची बाजू समजावून सांगितली. पुढची चार वर्षं सांगत राहिलो आणि हप्ते भरत राहिलो. वेगासमधल्या घरांच्या किमती तोवर निम्म्याखाली गेल्या. २०१२ मध्ये ते घर सोडलं तेव्हा चाळीस हजार तर गेलेच होते, वर हप्तेही गेले. मुलगी नंतर शिकली, पण स्वतः कर्ज काढून. अजून फेडतेय. ती मला काही बोलली नाही, हे बोलण्यापेक्षा जड जातं.

पोकर मी शिकलो तो त्यानंतर, २०१४ मध्ये, बायकोच्या अटीवर. महिन्याला एक पाकीट, त्यात ऐंशी डॉलर: ६५ प्रवेशाचे, उरलेल्यात सँडविच. पाकीट संपलं की महिना संपला. अकरा वर्षांचा हिशेब वहीत आहे. आजमितीला मी ४१० डॉलर तोट्यात आहे. सिनेमापेक्षा स्वस्त पडला असं मी म्हणतो, बायको काही म्हणत नाही. इथल्या मुलांच्या कानावर एवढं मात्र घालतो की माझा खेळ त्या पाकिटाबाहेर गेला असता तर आज इथे उभं राहून हे हसत सांगता आलं नसतं. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याचं मला दुःख नाही. मोबाइलला पाकीट नसतं.

आता मागच्या मार्चमधला एक हात. एक्केचाळीस जणांतले सहा उरलो होतो, बक्षिसं पाच. म्हणजे पुढचा जो बाद होईल तो चार तास बसून हात हलवत घरी. ब्लाइंड २,००० आणि ४,०००. माझ्याकडे ५२,००० चिप्स. माझ्या डावीकडच्या माणसाकडे उरल्या होत्या जेमतेम ७,०००, दोन हातांनी सक्तीचा डाव त्याच्यावर येणार होता. समोर सत्तरीच्या एक बाई, मांडीवर लोकरीचं विणकाम. दोन तासांत त्यांनी एकदाही रक्कम वाढवली नव्हती. पहिली बोली त्यांची होती. त्यांनी विणकाम पिशवीत ठेवलं आणि सगळ्या चिप्स पुढे केल्या. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा थोड्या जास्तच होत्या.

मी पत्ते उचलून बघितले. बदाम दश्शी, किलवर दश्शी.

सर, मी तिथे बसून तुम्ही शिकवलेली बेरीज केली. अशी बाई अशा वेळी काय घेऊन उतरेल? गुलाम, राणी, राजा, एक्का, या चार जोड्या, प्रत्येकी सहा प्रकारे, झाले २४. आणि एक्का-राजा, १६ प्रकारे. एकूण ४०. त्यांतल्या २४ वेळा मी पाचांत एकदाच जिंकणार, १६ वेळा निम्म्याहून थोडा जास्त. सगळं धरून तिघांत एकदा. आणि तिकडे ७,००० वाला माणूस बुडायच्या बेतात. तो बुडाला की मी न खेळताच बक्षिसात.

हे सगळं कळायला अर्धं मिनिट पुरलं. तरी पत्ते टाकायला दीड मिनिट लागलं. डीलरने दोनदा माझ्याकडे बघितलं. मला त्या दश्श्या दिसत नव्हत्या, ते घर दिसत होतं, त्याच्या दारातला लिंबाचा कुंड्यातला रोप दिसत होता. मग मी पत्ते सरकवले.

बाईंनी आपले पत्ते झाकूनच परत केले आणि विणकाम बाहेर काढलं. त्यांच्याकडे काय होतं ते मला आजही माहीत नाही. दोन हातांनी डावीकडचा माणूस बाद झाला. थोड्या वेळाने मीही गेलो, पाचवा, १६५ डॉलर घेऊन. घरी येऊन बायकोला हात सांगितला. तिला पोकर येत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकलेस?" म्हटलं, टाकले. ती म्हणाली, "बरं," आणि चहा ठेवायला उठली.

वेळ संपल्याची खूण दिसतेय. रात्री जेवणानंतर वरच्या मजल्यावर मेंढीकोटाचा डाव बसतोय, पैसे नाहीत. तीन गडी झालेत. कॅट नवा आणलाय. चौथी जागा सरांसाठी राखून ठेवली आहे.