यजमानाची जागा

(आकाशवाणीवरील भाषण)



3 फेब्रुवारी 2022, गुरुवार. म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात त्या एका दिवसात आशियातले चार देश बाद फेरीचे सामने खेळले. दुपारी दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स, संध्याकाळी चीन आणि जपान. महिलांच्या आशिया चषक फुटबॉल स्पर्धेचे हे दोन उपांत्य सामने. मुळशी तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, मुळा नदीच्या काठावर, महिला फुटबॉलमधलं एवढं मोठं काही त्याआधी घडलं नव्हतं. आणि गंमत अशी की म्हाळुंग्यातल्या, सूसच्या, हिंजवडीच्या माणसाला ते पाहायला आत जाता आलं नाही. करोनाची तिसरी लाट होती. स्पर्धा प्रेक्षकांविना होती. घराच्या गच्चीवरून दिव्यांचा उजेड दिसत होता, बाकी सामना बघायचा तो टीव्हीवर.

त्याच आठवड्यात, त्याच संकुलात, पुरुषांची महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धाही चालू होती. वर्तमानपत्रांची क्रीडापानं मी त्या दिवसांत चाळत होतो, आणि त्या पानांवरच्या जागेची वाटणी कशी झाली असेल याचा अंदाज श्रोत्यांना सहज करता येईल.

हे संकुल तसं 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा इथेच झाल्या. म्हाळुंगे गाव 2021 साली पुणे महापालिकेत गेलं. पौडच्या तहसील कार्यालयाशी बांधलेलं हे मुळशीचं गाव. भातखाचरांचं गाव. आता तिथे पंचवीस-तीस मजली इमारती आहेत, पण ते आजचं आपलं बोलणं नाही.

आज मला बोलायचंय ते यजमानपदाबद्दल. देशोदेशींच्या मुलींचे संघ आपल्या दारात येऊन खेळतात, तेव्हा यजमानाच्या पदरात नेमकं काय पडतं?

आशिया चषकात त्या वेळी पहिल्यांदाच बारा संघ होते. आधी सामने नवी मुंबई, अहमदाबाद आणि भुवनेश्वर इथे व्हायचे होते. प्रवास कमी व्हावा, खेळाडूंना एका सुरक्षित कुंपणात ठेवता यावं म्हणून सगळी स्पर्धा महाराष्ट्रात आणली गेली. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मैदान आणि आपलं बालेवाडी. भारत यजमान, म्हणून भारताला पात्रता फेरी खेळावी लागली नाही. जागा आयती मिळाली.

त्या जागेचं काय झालं ते आठवत असेल. 20 जानेवारीला नेरूळमध्ये इराणशी गोलशून्य बरोबरी. 23 तारखेला चिनी तैपेईशी सामना होता. तोवर संघात करोना शिरला होता. नियमाप्रमाणे किमान तेरा खेळाडू उभ्या करायला हव्या होत्या, तेवढ्या धडधाकट मुली उरल्या नाहीत. सामना झालाच नाही. भारत स्पर्धेतून बाहेर गेला आणि इराणविरुद्धचा तो एक सामनाही नोंदीतून पुसला गेला. लग्न आपल्या मांडवात आणि आपणच पंगतीला नाही, अशी गत. त्या मुलींचा दोष काडीचाही नव्हता. पण यजमानाची जागा किती तकलादू असते हे त्या तीन-चार दिवसांत कळलं.

आता बालेवाडीत काय झालं ते पाहा, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

30 जानेवारीला इथे फिलिपिन्स आणि चिनी तैपेई यांची उपउपांत्य लढत झाली. एक-एक अशी बरोबरी, मग पेनल्टी. फिलिपिन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल. तिने समोरचे फटके अडवले, आणि आपल्या संघाची पेनल्टी मारायला स्वतः पुढे येऊन गोलही केला. शेवटचा निर्णायक फटका सरिना बोल्डेनचा. चार-तीन. त्या एका विजयाने फिलिपिन्स विश्वचषकात पोहोचलं. त्या देशाचा फुटबॉलचा कोणताही वरिष्ठ संघ, पुरुषांचा किंवा महिलांचा, त्याआधी कधी विश्वचषकात खेळला नव्हता. हे घडलं म्हाळुंग्यात, रिकाम्या खुर्च्यांसमोर.

नशीब म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. फिलिपिन्सने परदेशात, विशेषतः अमेरिकेत वाढलेल्या आपल्या लेकी शोधून काढल्या. ऑस्ट्रेलियाचा अॅलन स्टॅचिच प्रशिक्षक आणला. स्पर्धेच्या आधी कॅलिफोर्नियात लांबलचक शिबिर घेतलं. पुढे 25 जुलै 2023 ला विश्वचषकात, न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये, यजमान न्यूझीलंडलाच त्यांनी एक-शून्यने हरवलं. गोल पुन्हा बोल्डेनचा.

त्याच 30 जानेवारीला बालेवाडीतच दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. सॅम करसारखी खेळाडू असलेला, साखळीत इंडोनेशियावर अठरा गोल चढवलेला संघ. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जी सो-युनने लांबून एक फटका मारला आणि संपलं. चार दिवसांनी चीन-जपान. जपान आधीच्या दोन स्पर्धांचा विजेता. रिको उएकीने दोनदा जपानला पुढे नेलं, चीनने दोनदा गाठलं. दुसऱ्यांदा तर वांग शानशानने 119 व्या मिनिटाला. पेनल्टीत चीन चार-तीन. मग 6 फेब्रुवारीला नेरूळला अंतिम सामना. कोरिया मध्यंतराला दोन गोलांनी पुढे, आणि चीनने तीन गोल करून चषक नेला, शेवटचा गोल भरपाईच्या वेळेत. चीनची प्रशिक्षक शुई छिंगशिया. ती स्वतः चीनकडून खेळलेली, आणि बाकावर बसून आरडाओरडा न करणारी. मला ती फार आवडली.

दक्षिण कोरियाचं नाव आलं, म्हणून जरा वेगळ्या खेळाकडे वळतो. हँडबॉल. आपल्या शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या मुली तो खेळतात, पण वर्तमानपत्रात त्याला जागा कुठे मिळते? ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान. एका बाजूला सात जणी, त्यातली एक गोलरक्षक. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. गोलासमोर सहा मीटरवर वळणदार रेष, आणि तिच्या आत गोलरक्षकाशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. मग हल्ला करणारी मुलगी काय करते? रेषेच्या बाहेरून उडी मारते आणि हवेत असतानाच, जमिनीला पाय लागायच्या आत, चेंडू फेकते. चेंडू हातात घेऊन तीन पावलं चालता येतं आणि तीन सेकंद धरता येतो. तीस-तीस मिनिटांचे दोन भाग. फुटबॉलमध्ये तास-दीड तासात एखादा गोल दिसतो, इथे एकेका संघाचे पंचवीस-तीस दिसतात. गोलरक्षकाच्या अंगावर चेंडू आदळत राहतो, आणि ती हातपाय पसरून त्याच्या वाटेत उभी असते. घाबरट माणसाने करायचं ते काम नव्हे.

भारतात हा खेळ रुजवायला सुरुवात झाली 1972 च्या सुमारास, हरियाणातून. दिल्लीच्या 1982 च्या आशियाई खेळांत पुरुषांचं हँडबॉल आलं. महिलांचं 1990 मध्ये, बीजिंगला. आपल्या मुलींनी 2016 आणि 2019 च्या दक्षिण आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकलं. 2022 मध्ये ज्युनियर मुलींनी कझाकस्तानात आशियाई अजिंक्यपद मिळवलं. ही बातमी किती जणांनी वाचली?

आणि डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीत, इंदिरा गांधी स्टेडियममध्ये, महिलांची आशियाई हँडबॉल स्पर्धा झाली. आठ देश. पुन्हा भारत यजमान. अंतिम सामना जपान आणि दक्षिण कोरिया. जपानने पंचवीस-चोवीस असा, एका गोलाने जिंकला. हा एक गोल किती वजनाचा होता ते आकड्यांवरून कळेल. 1987 पासून चाललेल्या या स्पर्धेत कोरियाने त्याआधी सोळा वेळा अजिंक्यपद मिळवलं होतं; जपानने फक्त एकदा, वीस वर्षांपूर्वी. पहिल्या चौघांना जागतिक स्पर्धेचं दार उघडतं. यजमान भारत त्या चौघांत नव्हता.

आता कोरियाच्या मुलींबद्दल. 1988 ला सोलमध्ये आणि 1992 ला बार्सिलोनामध्ये त्यांनी ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. 1995 ला जगज्जेत्या झाल्या. हँडबॉल हा तिथला लोकप्रिय खेळ आहे असं वाटेल, पण तसं नाही. तिथेही बेसबॉल आणि फुटबॉलपुढे हँडबॉल मागच्या बाकावर. त्यांच्या 2004 च्या ऑलिंपिक संघावर पुढे चित्रपट निघाला, तोही या दुर्लक्षावरच. तरी खेळ टिकला, कारण तिथे हे संघ नगरपालिका आणि कंपन्या पोसतात. सामचोक हे समुद्रकाठचं छोटं शहर. त्या शहराच्या नगरपालिकेचा महिला हँडबॉल संघ आहे, आणि तो देशातल्या बलाढ्य संघांपैकी एक आहे. बुसान शहराच्या पायाभूत सुविधा महामंडळाचा संघ आहे, इंचनचा आहे. मुलगी शाळेतून बाहेर पडते, नगरपालिकेच्या संघात जाते, पगार घेते, खेळते. एवढंच. यात चमत्कार काही नाही, फक्त महिन्याच्या महिन्याला पगार आहे.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही बरं का. मुंबई-पुण्याची कबड्डी अशाच व्यवस्थेवर उभी राहिली. गल्लीतलं मंडळ, मग बँकेचा, रेल्वेचा, पोलिसांचा संघ. पुण्याच्या शकुंतला खटावकरांना कबड्डीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला तो 1978 साली, म्हणजे महिला कबड्डीचा विश्वचषक सुरू व्हायच्या चौतीस वर्षं आधी. आणि 2012 च्या मार्चमध्ये पाटण्याला पहिला विश्वचषक झाला, भारताने इराणला पंचवीस-एकोणीस हरवलं, तेव्हा संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये दिले. त्या वेळी रकमेची चर्चा झाली. मला मात्र त्या तिघींच्या मागे असलेल्या मैदानांची, संध्याकाळी माती शिंपडणाऱ्या माणसांची आठवण झाली. स्पर्धा पाटण्याला झाली, पण संघ घडला तो इथल्या आणि इतर राज्यांतल्या असंख्य छोट्या मैदानांवर.

मग हँडबॉलमध्ये आणि फुटबॉलमध्ये आपण उलटं का करतो? आधी स्टेडियम, आधी स्पर्धा, आधी स्वागताच्या कमानी. मुलींचे खेळायचे दिवस सर्वांत शेवटी. पुण्याचं आणखी एक उदाहरण. 2023 च्या जूनमध्ये जयपूरला हँडबॉलची पहिली व्यावसायिक लीग झाली, आणि ती पुण्यातल्या उद्योगसमूहाच्या ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ या संघाने जिंकली. आनंदच झाला. पण ती लीग पुरुषांची. आशियाई अजिंक्यपद मिळवून आलेल्या त्या ज्युनियर मुलींना वर्षभर सामने खेळायला कुठली लीग आहे?

इथे एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. मोठी स्पर्धा आणली की मैदान सुधारतं, दिवे येतात, पंच तयार होतात, आणि स्टेडियमवर बसलेली एखादी दहा वर्षांची मुलगी घरी जाऊन चेंडू मागते. हे खरं आहे. बालेवाडीत नेमका हा शेवटचा भाग करोनाने हिरावला. जी सो-युनचा तो फटका मुळशीतल्या शे-दोनशे शाळकरी मुलींनी उभ्याने पाहिला असता, तर मी आज कदाचित वेगळं बोललो असतो.

पण 2025 चे जून-जुलै काय सांगतात? आशिया चषकाची पात्रता फेरी, थायलंडमधलं चियांग माई. या वेळी भारत यजमान नव्हता, आयती जागा नव्हती. मंगोलियावर तेरा गोल, तिमोर-लेस्तेवर चार, इराकवर पाच. आणि शेवटचा सामना थायलंडशी, त्यांच्याच घरी, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. संगीता बासफोरने दोन गोल केले. दोन-एक. पात्रता फेरीतून भारतीय महिला आशिया चषकाला जाण्याची ही पहिलीच वेळ. नेरूळमध्ये आयती मिळूनही हातची गेलेली जागा त्यांनी परक्या मैदानावर कमावली.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या वेळी कुठली आंतरराष्ट्रीय स्पर्धा बालेवाडीत यायची घोषणा झाली, की उद्घाटनाला कोण येणार हे विचारण्याआधी पुणे महापालिकेला, पिंपरी-चिंचवडला, जिल्हा परिषदेला एक प्रश्न विचारा: तुमच्या पगारावर खेळणारा मुलींचा हँडबॉलचा संघ आहे का? सामचोकला जे परवडतं ते आपल्याला परवडत नाही, हे मला तरी कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, ते चांगलंच आहे, पण ते खेळून झाल्यावरचं बक्षीस आहे. खेळत असताना घर चालवायचं कसं, त्याचं उत्तर त्यात नाही.

आणि शाळांपुरतं बोलायचं तर हँडबॉलला लागतं तरी काय? पौडला, पिरंगुटला, घोटावड्याला शाळेच्या पटांगणात चाळीस बाय वीसची जागा मोजून पाहा. सपाट जमीन असेल तर अर्ध्या दिवसात चुन्याने आखून होते. लोखंडी पाइपाचे दोन गोल गावातला वेल्डर करून देतो. मोठ्या मुलींचा चेंडू चोपन्न ते छप्पन्न सेंटिमीटर घेराचा असतो, दुकानात तो दोन नंबरचा म्हणून मागायचा. एकावर भागत नाही, निदान सहा-सात घ्या, नाहीतर तासभर मुली रांगेत उभ्या राहतात आणि एकटीच खेळते.