बातमी कोण लिहितं? जनसंज्ञापन शिकण्याबद्दल

(शिरड शहापूर इथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'बारावीनंतर काय?' तो फार मोठा आहे. आयटीआय, डी. फार्मसी, नीट, पोलीस भरती यांची माहिती देणारे तुम्हाला औंढ्यात आणि वसमतला पुष्कळ भेटतील. मी एकाच विषयाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव घेतलं की घरात लगेच विचारतात, "ये पढके क्या करता तू?" तो विषय म्हणजे जनसंज्ञापन, मास कम्युनिकेशन. पत्रकारिता हा त्याचा एक भाग. रेडिओ, जाहिरात, माहितीपट, जनसंपर्क, आरोग्याचा किंवा शेतीचा प्रचार हेही त्यातच येतं.

मार्च-एप्रिल 2020 आठवा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. टाळेबंदी लागली आणि तबलीगी जमातीच्या बातम्या सुरू झाल्या. त्या दिवसांत भाजी विकणाऱ्या आपल्या माणसांना नाव विचारलं जात होतं. अहमदनगर जिल्ह्यात परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांत या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता आहे, असं न्यायालयाने निकालात नोंदवलं. एप्रिलमधले मथळे सगळ्यांना आठवतात. ऑगस्टमधला निकाल इथे किती जणांनी वाचलाय? हात वर करा. बघा.

आपण यावर चिडतो, स्टेटस ठेवतो, आणि तिथेच थांबतो. जनसंज्ञापनाचा विद्यार्थी पुढचं विचारतो. ही बातमी कुठून आली? 'सूत्रांनी सांगितले' म्हणजे कोणी? मथळा वार्ताहराने दिला की डेस्कवरच्या उपसंपादकाने? बहुतेक वेळा मथळा डेस्कवर ठरतो, आणि गावातला वार्ताहर उगाच शिव्या खातो. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याची बाजू घेतली का? खुलासा छापला असेल तर कोणत्या पानावर, किती ओळींत? राग सगळ्यांनाच येतो. हे प्रश्न मात्र शिकावे लागतात.

आणि हे फक्त दुसऱ्यांना विचारायचं नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. ती पुढे ढकलणारे सगळे वाईटच असतील असं नाही. आपल्या पोरांची काळजी असलेली माणसंही त्यात असतील. आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवरही रोज असं काहीतरी येतं, कधी लसीबद्दल, कधी कुठल्या दंग्याचा जुना व्हिडिओ आजचा म्हणून. तारीख बघायला एक मिनिट लागतं.

आता अभ्यासक्रमात काय असतं ते सांगतो. बातमीचे सहा ककार पहिल्याच आठवड्यात येतात: कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. मग मुलाखत, संपादन, कॅमेरा, ध्वनिमुद्रण, माध्यमांचे कायदे, माध्यमांचा इतिहास. आणि सिद्धांत. मुलं सिद्धांताला कंटाळतात, पण मला तोच भाग सगळ्यात कामाचा वाटतो. एक उदाहरण घ्या. 1940 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यात अभ्यास केला. लोकांचं मत रेडिओ-वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या, मान असलेल्या माणसांमुळे जास्त बदलतं, असं त्यांना दिसलं. ती माणसं माध्यमातून माहिती घेतात आणि पुढे देतात. म्हणजे दोन टप्प्यांत.

हे पुस्तकी वाटतं ना? मग पोलिओचं बघा. पश्चिम उत्तर प्रदेशात कितीतरी मुस्लिम घरं डोस घेईनात, कारण अफवा होत्या. नुसत्या टीव्हीवरच्या जाहिरातींनी ते सुटलं नाही. इमाम, उलेमा, अलीगढ आणि जामियासारखी विद्यापीठं, आणि दारोदार जाणाऱ्या मोहल्ल्यातल्याच बायका यांना सोबत घेतलं, तेव्हा दारं उघडली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. जुम्याच्या नमाजनंतरची दोन मिनिटांची घोषणा किती पोहोचते, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामागचं शास्त्र म्हणजे हा विषय.

हे क्षेत्र आपलं नाही, असंही काहींना वाटतं. आपल्या देशात विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू करण्याचे जे अगदी सुरुवातीचे प्रयत्न झाले, त्यातला एक 1938 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात झाला. तो फार काळ टिकला नाही, ही वेगळी गोष्ट. आणि आपला हिंगोलीचा भाग तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथला शोएबउल्ला खान. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं त्याने उघड लिहिलं. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून ठार केलं, त्याचा हात तोडला. वय तिशीच्या आतलं. त्यानंतर महिनाभरात, 17 सप्टेंबरला, संस्थान मुक्त झालं. मुक्तिदिनाच्या भाषणांत त्याचं नाव मला क्वचितच ऐकू येतं.

आता पोटापाण्याचं. इथे मी गोड बोलणार नाही. तालुक्याच्या वार्ताहराला अनेकदा पगार नसतो, मानधन असतं, आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायला लावतात. जो जाहिरात देतो त्याच्याविरुद्ध कसं लिहिणार? म्हणून माझा सल्ला आहे की नुसतं 'लिहिता येतं' यावर विसंबू नका. सोबत दुसरं काहीतरी पक्कं करा: कायदा, शेती, आकडेवारी, किंवा व्हिडिओचं संपादन. हळदीचा भाव कळणारा पत्रकार आणि नुसता भाव छापणारा पत्रकार यात फरक असतो. हळद काढणं, शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं, या प्रत्येक टप्प्यावर मजुरी कोणाला किती मिळते, हे इथल्या मुलीने लिहिलं तर ते मुंबईहून आलेल्या माणसापेक्षा बरं लिहील. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. दहा रुपयांत अर्ज होतो, साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का येत नाही, हे विचारायला प्रेस कार्ड लागत नाही.

शिकायचं कुठे? जवळ म्हणजे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं माध्यमशास्त्र संकुल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही विभाग आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र. उर्दूतून शिकायचं तर हैदराबादचं मौलाना आझाद विद्यापीठ, आणि चित्रपट-माहितीपटाकडे ओढा असेल तर दिल्लीत जामियाचं केंद्र, 1982 पासूनचं. पदवीला हा विषय जवळच्या कॉलेजात नसेल तर अडून बसू नका. मराठी, राज्यशास्त्र, अगदी विज्ञान घेऊन पदवी करा आणि मग एम. ए. ला इकडे या. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो.

मुलींच्या घरच्यांना एक सांगतो. उत्तर प्रदेशात चित्रकूट भागात 2002 साली 'खबर लहरिया' सुरू झालं, ते गावातल्या बायकांनी, बुंदेली बोलीत. बोली म्हणजे कमीपणा नाही. तुम्ही घरात दखनी बोलता, शाळेत मराठी, मदरशात उर्दू वाचता, टीव्हीवर हिंदी ऐकता. एका बातमीसाठी चार घरांत त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलू शकणारा माणूस प्रत्येक बातमीदारी खात्याला हवा असतो. फक्त मराठी लिखाण पक्कं करा, शुद्धलेखनासकट. तिथे सूट मिळत नाही, आणि मागूही नये.

आपलं स्वतःचं चॅनेल काढू, असं काही तरुण म्हणतात. काढा. पण मला विचाराल तर सगळ्यांच्या वर्तमानपत्रात, सगळ्यांच्या डेस्कवर आपली चार मुलं-मुली बसलेली असणं जास्त गरजेचं आहे. मथळा तिथे ठरतो.

आता माझं बोलणं पुरे. प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलींकडून येऊ द्या.