पान पिवळं पडलं, पण कशामुळे? संत्र्याचं ग्रीनिंग आणि पीसीआर

कुपवाडहून बोलतोय. आपल्या आटपाडी-जतच्या डाळिंबवाल्यांना तेल्या सांगायला नको. फळावर तेलकट डाग दिसला की माणूस ओळखतो. आज विदर्भातल्या संत्र्याच्या अशा रोगाबद्दल बोलू, जो नुसत्या डोळ्यांना चकवतो. नाव ग्रीनिंग.

जिवाणूचं नाव कॅन्डिडॅटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस. 'कॅन्डिडॅटस' म्हणजे प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवता न आलेला. म्हणजे बशीत वाढवून ओळखायचा नेहमीचा रस्ता बंद. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि सायला किडीमार्फत किंवा रोगट झाडाचा डोळा भरल्याने पसरतो.

आता अडचण बघा. जस्त कमी पडलं तरी पान पिवळं होतं. जस्ताचा पिवळेपणा शिरेच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखा, ग्रीनिंगचा ठिगळासारखा, दोन बाजूंना वेगळा. पण एकाच झाडावर दोन्ही दिसू शकतं. मग जस्त फवारायचं की झाड काढायचं? ग्रीनिंगवर खात्रीचा इलाज नाही, त्यामुळे हा निर्णय महागात पडतो.

इथे पीसीआर येतं. पानाची मधली शीर घेऊन डीएनए काढतात. नळीत प्रायमर टाकतात, म्हणजे फक्त या जिवाणूच्या डीएनएला चिकटणारे छोटे तुकडे. मशीन नळी 95 अंशांच्या आसपास तापवतं, थंड करतं, मग 72 अंशांवर नवी प्रत तयार होते. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत साधा लूप! दर फेरीला दुप्पट धरलं, तर 30 फेऱ्यांत एकाच्या 107 कोटी प्रती. या शोधासाठी कॅरी मलिस यांना 1993 चं नोबेल मिळालं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका फांदीचं पान 'निगेटिव्ह' आलं म्हणजे झाड निरोगी, असं नाही. चारही बाजूंची पानं घ्यायची. आणि प्रत्येक वेळी नुसत्या पाण्याचीही एक नळी लावायची. तीच पॉझिटिव्ह आली तर अख्खी तपासणी बाद.

सगळ्यात मोठा फायदा नर्सरीत. एका रोगट मातृवृक्षाचे डोळे शेकडो कलमांतून गावोगावी जातात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा रोगमुक्त कलमांचा आग्रह त्यासाठीच आहे. तेव्हा कलम घेताना उंची आणि भाव विचाराच, पण मातृवृक्षाची तपासणी कधी झाली, हेही विचारा. संत्र्याची बाग वर्षानुवर्षं सांभाळायची असते हो.

भेटू पुढच्या भागात.