दूरचा सायकलपल्ला आणि बलोपासना



आपले कित्येक तरुण हल्ली दोनदोनशे किलोमीटरांची सायकलफेरी सहज करितात, हे भूषणावह होय. परंतु सायकल चालविली की निराळ्या व्यायामाचे कारण उरले नाही, हा समज घातक आहे.

लांब पल्ल्यात पायच प्रथम हार खातात असे नाही. १९८३ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या शर्यतीत मायकेल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके शिणले की, मस्तक सावरेना. त्या व्याधीस पुढे त्यांचेच नाव पडले. सुमारे ४,८०० किलोमीटरांची हीच शर्यत २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पुरी केली.

दुसरे असे की, सायकलवर देहाचा भार बैठक वाहते. हाडांस तो पेलावा लागत नाही. त्यामुळे केवळ सायकलच चालविणाऱ्यांच्या कण्याची हाडे विरळ होण्याचा संभव असतो.

यास्तव आठवड्यातून दोन दिवस तालमीस द्यावेत. खांद्यावर वजन घेऊन बैठका माराव्यात, जमिनीवरून वजन उचलावे, पाठ व मान बळकट करावी. आरंभी हलके वजन घेऊन जाणत्याच्या देखरेखीखाली पद्धत शिकावी. मग क्रमाक्रमाने वजन वाढवून आवर्तने चार ते दहाच ठेवावीत. शर्यतींच्या हंगामात एक दिवसही पुरतो. अंग जड होईल ही भीती नको. बलवान स्नायूस प्रत्येक पायट्यामागे आपल्या शक्तीचा अल्पच अंश खर्चावा लागतो. म्हणून तो उशिरा थकतो.

मातापित्यांनो, मुलास सायकल अवश्य घेऊन द्या. पण तालमीची वाटही दाखवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.