विमानतळावरील रेघांची भाषा

कल्याणजवळचे नेवाळीचे माळरान ठाणे जिल्ह्यातील जुन्या माणसांना परिचित आहे. मलंगगडाच्या वाटेवरील या माळावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली होती. त्या काळच्या अशा तळांवर वाटा मोजक्याच असत. मुंबई विमानतळाची गोष्ट निराळी आहे. तेथे ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, आणि त्यांच्याभोवती टॅक्सी-वेंचे, म्हणजे विमानाला थांब्यापासून धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या वाटांचे, जाळे पसरले आहे. डोंबिवलीचा प्रवासी खिडकीतून ज्या पिवळ्या रेघा सहज पाहतो, त्यांच्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

शीळफाट्यावर वाट चुकलेला मोटारचालक थोडे पुढे जाऊन गाडी वळवून घेतो. सत्तर टनांच्या विमानाला ही सोय नाही. त्याला मागे ढकलण्यासाठी ट्रॅक्टर आणावा लागतो.

परक्या वैमानिकाची फसगत कशी होते, हे मुंबईने पाहिलेले आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जवळच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि पट्टी संपून पुढे गेले. सुदैवाने विमानातील १२२ जणांपैकी कोणीही दगावले नाही. १९५३ साली एका ब्रिटिश कॉमेट विमानाकडूनही हीच चूक झाली होती. दोन निरनिराळ्या देशांचे वैमानिक एकाच ठिकाणी चुकतात, तेव्हा केवळ वैमानिकांना दोष देऊन भागत नाही. जमिनीकडेही पाहावे लागते. लंडनमध्ये १९६० साली एक अमेरिकन बोइंग हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरले. तेथे वाटेवरील गॅसच्या टाक्यांवर ठळक अक्षरे रंगवून वैमानिकांना खूण करून देण्यात आली. उपाय साधा, पण नेमका होता.

जमिनीवरील खुणांचे आंतरराष्ट्रीय नियम आता ठरलेले आहेत. धावपट्टीवरील खुणा पांढऱ्या, टॅक्सी-वेवरील पिवळ्या. काळ्या पाटीवरील पिवळे अक्षर विमान कोठे आहे ते सांगते. पिवळ्या पाटीवरील काळे अक्षर पुढची वाट दाखविते. लाल पाटीपुढे परवानगीवाचून जाता येत नाही. धावपट्टीच्या तोंडाशी दोन अखंड व दोन तुटक रेघा असतात. अखंड रेघांच्या बाजूने येणाऱ्याने थांबावयाचे, तुटक रेघांच्या बाजूने बाहेर पडणाऱ्याने थांबावयाचे नाही. टॅक्सी-वेच्या नावात इंग्रजी आय, ओ आणि एक्स ही अक्षरे वापरीत नाहीत. पहिली दोन एक व शून्य या आकड्यांसारखी दिसतात, तिसरे बंद वाटेची खूण आहे.

एवढा विचार करूनही मिलान येथील लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी अनर्थ ओढवला. दाट धुके होते. एका लहान विमानाला आर-५ या वाटेने जाण्यास सांगितले होते. ते आर-६ ने निघाले. जमिनीवरील अक्षरे झिजलेली होती. वैमानिकाने आपण एस-४ या खुणेजवळ असल्याचे कळविले, परंतु ही खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हतीच. जमिनीवरील हालचाल दाखविणारे रडारही चालू नव्हते. ते विमान धावपट्टीवर शिरले, उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाची त्यास धडक बसली आणि ११८ माणसे मृत्युमुखी पडली. वैमानिकाने सांगितलेले चिन्ह जमिनीवर खरोखरच होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. जमीन आणि कागद यांचा मेळ नव्हता.

कोकणपट्टीत या कामाला पावसाची आणखी एक अडचण आहे. मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याच्या आधी व नंतर काही तास बंद ठेवून त्यांची देखभाल केली जाते, त्यात खुणा व दिवे यांचीही तपासणी होते. वाट बदलली की जुनी रेघ काळ्या रंगाने झाकून टाकण्याचा मोह होतो. पण ओल्या पृष्ठभागावर, तिरप्या उन्हात ती झाकलेली रेघ पुन्हा चमकू लागते, आणि वैमानिकापुढे दोन वाटा उभ्या राहतात. म्हणून ती खरवडूनच काढावी लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून ठाणे-कल्याणकरांसाठी नवी मुंबईचा विमानतळही खुला झाला आहे. तेथे दुसरी धावपट्टी व्हावयाची आहे. ते काम चालू असताना रेघा अनेकदा बदलतील, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी जुनी रेघ पुरती गेली की नाही, हे कोणीतरी पावसात, रात्रीच्या वेळी, विमानाच्या वाटेने जाऊन पाहावे लागेल.